चोरांचा कार्यक्रम, आमचा कार्यक्रम

इटलीला जाणार म्हटल्यावर नागपुरात मायकेलँजेलोबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जो तो पाकीटमारांबद्दलच बोलत होता. ज्यांनी उभ्या आयुष्यात वर्धा नदी ओलांडली नसेल, त्यांनाही रोमच्या मेट्रोची खडान्‌खडा माहिती. कुणाच्या साडूची बॅग मिलानला गेली होती, कुणाच्या विहीणबाईंचा पासपोर्ट रोमला. सांगताना चेहऱ्यावर दुःखापेक्षा अभिमानच जास्त. चोरी का होईना, युरोपात झालेली!

आमच्या यांनी लगेच गोकुळपेठेतल्या टेलरला गाठलं आणि बनियनला चोरखिसे शिवायला टाकले. टेलरने मान वर न करताच विचारलं, "इटली का?" धंदा जोरात असावा. खिसे इतके आत शिवले होते, की पैसे चोराला सापडायची सोय नव्हती आणि आम्हालाही. रोममध्ये कॉफीचे पैसे द्यायची वेळ आली तेव्हा यांनी काउंटरसमोर शर्टाची तीन बटणं सोडली आणि आत कोपरापर्यंत हात घातला. कॉफीवाला एक पाऊल मागे सरकला. मागची इटालियन बाई मात्र आशेने पाहत होती.

बसमध्ये टूर मॅनेजरने माइक हातात घेऊन सांगितलं, "लक्षात ठेवा, इथले चोर चोरासारखे दिसत नाहीत. छान कपडे घालतात, हसतात, सुशिक्षित वाटतात." झालं! इटलीत सगळेच छान कपडे घालतात आणि बरेचसे हसतात. आमच्या ग्रुपने त्या अख्ख्या देशावर संशय घेतला. पोटाशी बॅग आवळलेली, दर दहा पावलांना मागे वळून पाहणं, आपसांत कुजबुज. कुठल्याही चौकात चोरासारखं कुणी दिसत असेल, तर आम्हीच.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या एक गोष्ट ध्यानात यायला लागली. चोरांचा कार्यक्रम आणि टूर कंपनीचा कार्यक्रम अगदी एकच असतो. ट्रेव्ही, कलोसियम, व्हॅटिकन, पिसा, सान मार्को. कदाचित वेळाही त्याच. ट्रेव्हीचं कारंजं १७६२ साली पुरं झालं. त्याच्याकडे पाठ करून उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणं टाकायचं, म्हणजे माणूस रोमला परत येतो म्हणतात. म्हणजे गर्दीत उभं राहायचं, एक हात वर, लक्ष फोटोत आणि कानात गाइडचा हेडसेट. पाकीटमाराने स्वतः रीत ठरवली असती तरी याहून सोयीची ठरवता आली नसती. कारंज्यातली नाणी गोळा होऊन 'कारितास' या धर्मादाय संस्थेला जातात, वर्षाला दहा लाख युरोंच्या वर. आमच्यातल्या एका निवृत्त बँकवाल्यांनी हे ऐकून टाकायला काढलेलं दोन युरोंचं नाणं परत खिशात ठेवलं आणि दहा सेंटचं टाकलं. "परत यायचंच आहे, थोडं मागेपुढे झालं तर चालते," म्हणाले.

पिसाला तर कमाल होती. ११७३ साली बांधायला घेतलेला, सुमारे ५६ मीटर उंच मनोरा कलला तो कललाच. त्याला हाताने टेकू दिल्याचा फोटो काढण्यासाठी हिरवळीवर शेकडो माणसं दोन्ही हात वर करून उभी होती. सिनेमात पिस्तूल दाखवल्याशिवाय कुणी असे हात वर करत नाही. इथे पिस्तुलाचा खर्चसुद्धा वाचलेला.

चोरांशी खरी गाठ पडली ती रोमच्या टर्मिनी स्टेशनवर. मेट्रोत पाकीटमारांपासून सावध राहण्याची सूचना ऐकू आली, आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाने आपापल्या मौल्यवान जागी हात लावून पाहिलं. कुणी छातीला, कुणी कमरेला, एकाने मोज्याला. कुणाचं काय कुठे आहे, हे शोधायचे चोरांचे कष्ट आम्हीच वाचवले. डब्याच्या दाराशी तीन मुली उभ्या होत्या. नीटनेटक्या, हातावर जॅकेट टाकलेलं, उकाडा असूनही. त्यांची पद्धत टूर मॅनेजरने समजावली होती: एक जण दारात अडखळून वाट अडवते, दुसरी जॅकेटाच्या आडून हात घालते, तिसरी माल घेऊन दार मिटायच्या आत उतरते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या काकू नेमक्या त्यांच्या मध्ये सापडल्या. काकू संपूर्ण दौऱ्यात साडीत. पैसे बटव्यात, बटवा कमरेला खोचलेला, वर दोन सेफ्टी पिना. ईडापीडा घालवणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत आणि दिवाळीत बर्डीच्या बाजारात ज्यांनी आयुष्यभर गर्दी सोसली, त्यांच्या अंगाला पाठीमागचंही कळतं. काकूंनी हळूच मान वळवली, जॅकेटवालीच्या डोळ्यांत थेट पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "काय पाहून राहिली वं?"

त्या मुलीला मराठी येत असण्याचं काही कारण नव्हतं. पण काही प्रश्न कुठल्याही भाषेत कळतात. पुढच्या स्टेशनवर तिघीही उतरल्या. काकूंनी मिटत्या दाराकडे पाहून "जाय गे मारबत!" एवढंच म्हटलं, आणि मग जरा थांबून, "चांगल्या घरच्या दिसत होत्या बिचाऱ्या."

व्हेनिसमध्ये हेच काम नागरिकांनी अंगावर घेतलं आहे. तिथल्या स्वयंसेवकांपैकी एक बाई चोर दिसला की "अतेन्त्सिओने, पिकपॉकेट!" असं ओरडतात. त्यांचे व्हिडिओ २०२३ साली जगभर फिरले, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा. ते ऐकून आमच्या एका भाऊंनी ही आरोळी पाठ केली आणि हरवलेले सहप्रवासी गोळा करायला वापरली. ती ऐकून तीन देशांचे ग्रुप आपापल्या बॅगा धरून जागीच थिजायचे आणि आमचा तेवढा भाऊंच्या दिशेने चालू लागायचा. व्हेनिस एप्रिल २०२४ मध्ये एका दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून ठरावीक दिवशी पाच युरो घ्यायला लागलं. रीतसर पावती देऊन, हा फरक.

फ्लॉरेन्सला फ्री टाइम मिळाला. ग्रुप चामड्याच्या पर्स घ्यायला सान लोरेन्झोच्या बाजारात घुसला. मी यांना ओढून टॅक्सीने काशीने बागेच्या पार टोकाला नेलं. टूर मॅनेजर म्हणाला, "तिकडे काही नाही मॅडम." तिकडे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज आहेत. १८७० साली इंग्लंडचा दौरा करून परतताना ते इथे आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, आणि १८७४ साली तिथे छत्री उभी राहिली. आत महाराजांचा फेटा बांधलेला अर्धपुतळा. शेजारच्या पुलाचं नावच 'इंदियानो'चा, म्हणजे भारतीयाचा, पूल. महाराजांनी प्रवासात डायरी लिहिली होती, ती १८७२ साली छापून निघाली. लवाजमा बरोबर होता, म्हणजे तोही ग्रुपच.

छत्रीपाशी आम्ही दोघंच होतो, आणि कुत्रा फिरवणारा एक म्हातारा. चोर नाही, हेडसेट नाही, कुणाच्या हातात वर धरलेली छत्री नाही. यांनी बनियनवरचा हात काढला आणि जोडून नमस्कार केला. दौऱ्यात पहिल्यांदाच त्यांचे दोन्ही हात मोकळे दिसले.

तेव्हा जाणार असाल, तर चोरखिसा हाताला पोचेल असा शिवून घ्या, पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत ठेवा आणि मेट्रोत दाराशी उभे राहू नका. फ्लॉरेन्सला फ्री टाइम मिळाला, की तिकडे काही नाही असं कुणीही सांगो, काशीनेला जाऊन या. टॅक्सीचे पैसे तेवढे वरच्या खिशात ठेवा.