आपलंच की हे!

भाऊंना जेवायला बोलवावं लागत नाही. तुमच्याही वसतिगृहात एक भाऊ होतेच, तेव्हा ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. पीएच.डी.ची नोंदणी कधी झाली हे मार्गदर्शकांनाही आठवत नाही, यादीत नाव एका खोलीत आणि गादी दुसऱ्याच खोलीत, खांद्यावर टॉवेल, हातात स्वतःचं ताट. आमचे भाऊ अंबडकडचे. वसतिगृह छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाकडचं, खिडकीतून लेण्यांचा डोंगर दिसायचा. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट असे आणि रात्री मेस बंद. त्यामुळे रविवारची रात्र परदेशी पोरांची. पलंगाखाली लपवलेली कॉइलची शेगडी बाहेर निघायची, येमेन, सुदान, इराण वगैरे देश एकाच पातेल्याभोवती बसायचे आणि कांदा तांबूस झाला की भाऊ दारात.

ते आत येत, कुणालाही न विचारता झाकण उचलत, वाफ नाकात घेत आणि निकाल देत :

"आपलंच की हे! फक्त..."

सुदानी मित्रानं रात्रभर मंद आचेवर शिजवलेलं 'फूल' केलं होतं. म्हणजे मोठ्या वालासारख्या शेंगेतले दाणे, ते तिकडे गरिबापासून मंत्र्यापर्यंत सगळे खातात. ते ठेचायची तिकडची पद्धत मोठी मजेदार. हातात सोड्याची काचेची बाटली घ्यायची आणि तिच्या बुडानं पातेल्यातच दाणे दाबत जायचं. बाटली उभी धरून, मनगट न हलवता, खांद्यातून जोर देत तो दाबत होता. अर्धे दाणे फुटले की अर्धे अख्खे ठेवायचे, वरून तिळाचं तेल, कच्चा कांदा, चुरलेलं चीज. आईपासून आजीपर्यंत साऱ्यांची आठवण त्याच्या चेहऱ्यावर होती. भाऊंनी झाकण उचललं.

"आपली वालाची उसळच की हे! फक्त फोडणी द्यायची राहिली."

तो बिचारा समजावत राहिला, की फोडणी नसतेच. भाऊ मराठीतच बोलायचे, कारण मराठी जरा मोठ्यानं बोललं की जगात कुणालाही समजतं यावर त्यांची श्रद्धा. आणि गंमत म्हणजे समजतही असे. पोरांनी रिक्षावाल्यांकडून इथली दखनी हिंदी उचललेली. 'हौ' आणि 'नक्को' या दोन शब्दांवर ती सबंध शहर फिरत. "हौ भाऊ," तो शेवटी म्हणाला. भाऊंनी फोडणी दिली नाही, कारण त्यासाठी उठावं लागलं असतं.

मग हा निकाल दर रविवारी लागत गेला. येमेनी पोरांचं 'सहाविक', म्हणजे टोमॅटो, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर एकत्र वाटलेलं : आपला ठेचाच की हे, फक्त पाणचट झालाय. 'मंदी', म्हणजे मटणाच्या रसात शिजलेला भात, वाटीत पेटता कोळसा ठेवून धुरी दिलेला : आपली बिर्याणीच की, फक्त मसाला विसरला गड्या. इराण्याच्या भाताच्या तळाशी जी खरपूस कुरकुरीत पापडी असते तिला 'तहदीग' म्हणतात, तिच्यासाठी तिकडे पाहुण्यांत भांडणं लागतात. त्यानं ती अख्खी उलटी करून मोठ्या मानानं भाऊंच्या ताटात वाढली. भाऊ म्हणाले, "आपली खरवडच की!" आणि मग 'फक्त' म्हणून जरा थांबले. "फक्त आमच्याकडं ती आई खायची. आम्हाला वरचा भात." एवढं बोलून त्यांनी सगळी संपवली. इराण्याला एक तुकडाही ठेवला नाही.

खाण्याचं एक वेळ ठीक. पण इतिहास सुरू झाला की ताट गार होई. एडनच्या पोरानं एकदा वेलदोडे घालून दुधाचा चहा उकळला. 'शाही अदनी' म्हणतात त्याला, त्यांच्या गावाची शान. भाऊंनी घोट घेतला. "आपलाच चहा की हा!" या वेळी मात्र त्यांच्याकडे पुरावा होता. इंग्रजांनी १८३९ मध्ये एडन घेतलं आणि जवळजवळ शंभर वर्षं त्याचा कारभार मुंबई इलाख्यात ठेवला. म्हणजे एडन आपल्याच इलाख्यातलं! आपले वासुदेव बळवंत फडके कुठे होते शेवटी? एडनच्या तुरुंगात. दाराच्या बिजागऱ्या उखडून पळाले, पुन्हा पकडले गेले, अन्नपाणी सोडलं आणि १८८३ मध्ये तिथंच वारले. भाऊंचा आवाज चढत गेला, एडनचं पोर पाहत राहिलं. त्याच्या आजोबांचा आजोबाही या प्रकरणात कुठे नव्हता, तरी ते गंभीर होऊन म्हणालं, "सॉरी, भाऊ."

"जाऊ दे," भाऊ उदारपणे म्हणाले, "इंग्रजांनी केलं. तुझी काय चूक?" आणि कप पुढे केला.

मलिक अंबर तर त्यांचा हुकमाचा एक्का. १६१० मध्ये खडकी वसवणारा, नहरीनं पाणी आणणारा हा माणूस मूळ इथिओपियाचा हबशी. गुलाम म्हणून येमेनातल्या मोखा बंदरात विकला गेला, असं एका डच व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय. याच खडकीचं पुढे फतेहनगर झालं, मग औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. "म्हंजे हे गाव कुणी बसवलं? तुमच्या माणसानं!" भाऊ सुदानी मित्राच्या पाठीत थाप मारत. तो अदबीनं सांगे, मी सुदानचा, इथिओपिया शेजारी. "शेजारी म्हंजे आपलेच की!"

एवढी आपुलकी, पण वर्गणी नाही. मटणाच्या वर्गणीची वही माझ्याकडे होती म्हणून खात्रीनं सांगतो. भाऊंच्या नावापुढची रांग कोरी. त्यांचं म्हणणं असं, की आपण वर्गणी अंगमेहनतीनं देतो. अंगमेहनत म्हणजे रविवारी सकाळी पोरांना घेऊन जाफर गेटच्या बाजारात जायचं आणि त्यांना फसवू द्यायचं नाही. तिथं ते भाजीवाल्या मावशीशी दोन रुपयांवरून अशी हुज्जत घालत, की परदेशी पोरं मध्ये पडून जास्त पैसे देऊ करत. शेवटी "मावशे, आपलीच पोरं हायती, दूरदेशीची," असं म्हणून ते मूठभर कोथिंबीर फुकट मिळवत. आमच्या सामुदायिक भोजनात भाऊंचा वाटा म्हणजे ही कोथिंबीर. याच बाजारात हद्रमौतचा एक येमेनी मटणवाल्याशी अरबीत दोन शब्द बोलला आणि कळलं, की तो चाऊस आहे. निजामाच्या फौजेत हद्रमौतहून अरब आले, त्यांचे वंशज म्हणजे मराठवाड्यातले हे चाऊस. दोघांनी मिठी मारली. मिठीत तिसरे हात भाऊंचे होते. "चाऊस तर आमच्या वर्गात होते बाप्पा, बाकाला बाक लावून!"

त्यांना एकदाच चीतपट झालेलं पाहिलं. घरून आलेल्या भाकऱ्या भाऊंनी त्या रविवारी मोठ्या दिमाखात मांडल्या, ज्वारीच्या. आता बोला, हे तुमच्याकडं नसणार. वनस्पतिशास्त्रवाल्या सुदानी मित्रानं तुकडा मोडला, चावला आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, हे आमचंच आहे." सगळे थबकले. त्यानं सांगितलं ते असं : पूर्व सुदानात कसलाजवळ सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची खापरं सापडली आहेत आणि त्यांच्या मातीत पेरलेल्या ज्वारीचे ठसे आहेत. माणसानं ज्वारी पहिल्यांदा माणसाळवली ती तिकडे, तुमच्याकडे ती नंतर आली. आम्ही तिचं पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरतो, त्याला किसरा म्हणतात. मग भाऊंची भाकरी हातात धरून त्यानं भाऊंच्याच सुरात निकाल दिला : "आपला किसराच की हा! फक्त जाड झालाय."

भाऊंनी आठवडाभर झाकण उचललं नाही. मालदांडी तरी आपली ना, एवढंच ते मला हळूच विचारून गेले. मी हो म्हटलं, तेव्हा कुठे त्यांना जेवण गेलं.

१४ जानेवारीला मात्र ते वेगळे असत. १९९४ मध्ये याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. दरवर्षी विद्यापीठाच्या कमानीसमोर माणसांचा पूर लोटतो, भाऊंच्या घरचेही गाठोडी घेऊन येतात. त्या दिवशी यजमान भाऊ. आईनं बांधून आणलेलं ते येमेन, सुदान, इराण सगळ्यांना कमानीपाशी बसवून वाढत, स्वतः शेवटी जेवत, आणि कुठल्याही पदार्थाची कशाशीही तुलना करत नसत.

हे सांगायचं कारण पुढची गोष्ट. भाऊंची वसतिगृहातली मुदत (तीही वाढवून घेतलेली) संपली आणि एका येमेन्याची बायको यायची होती. दोघं मिळून घर शोधायला निघाले, मी सोबत. एका नव्या अपार्टमेंटमध्ये काकूंनी आधी येमेन्याची चौकशी केली. देश कुठला, पोलिसांत नोंद आहे का, घरात काय शिजतं. त्यानं सगळी खरी उत्तरं दिली आणि काकूंचा चेहरा पडत गेला. मग त्या भाऊंकडे वळल्या. "तुम्ही आपले इथलेच दिसता. पूर्ण नाव?" भाऊंनी पूर्ण नाव सांगितलं. काकू दोन क्षण गप्प. मग म्हणाल्या, अय्या, आत्ता आठवलं, ह्यांनी कालच कुणाला तरी शब्द दिलाय. खाली आलो तर गेटवर 'फ्लॅट भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच लोंबत होती. येमेन्याला काही कळेना. भाऊ, त्यांनी मला नाही म्हटलं ते समजलं, पण तुम्हाला का?

"आपल्या गावासारखंच की हे," भाऊ म्हणाले. "फक्त इथं लिफ्ट हाय."

येमेनी हसला, मी हसलो नाही.

मग २०२३ चा एप्रिल. १५ तारखेला खार्तूममध्ये लढाई पेटली. दुसरा दिवस रविवार, रमजानचे शेवटचे दिवस. सुदानी पोरांचे फोन घरी लागत नव्हते, लागले तर मध्येच तुटत. मगरीबची वेळ झाली, खजूर तोंडात टाकून सगळे तसेच बसलेले, शेगडी पलंगाखालीच. भाऊ तेव्हा बेगमपुऱ्यात कशीबशी मिळालेल्या खोलीत राहत आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत. सवयीनं ताट घेऊन आले, झाकण उचललं, तर पातेलं रिकामं. खाली बसले, शेगडी ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या देखत स्वयंपाक केला. पिठलं. इतक्या गुठळ्यांचं पिठलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. वाढून झाल्यावर आशेनं त्यांनी सुदानी मित्राकडे पाहिलं. त्यानं घास घेतला, विचार केला.

"नाही भाऊ," तो म्हणाला, "असलं आमच्याकडे काही नाही."

त्या दिवशी खोलीत कुणी हसलं असेल तर तेवढंच.

पुढे बँकाच बंद, घरून पैसे येणार कुठून? पोरं संकोचानं अर्धपोटी राहू लागली. भाऊ किराणावाल्याकडे गेले आणि काय हवं ते द्या म्हणाले, आपलीच पोरं आहेत. दुकानदार म्हणाला, तुमचीच मागची बाकी आहे, भाऊ. तरी त्यानं खातं उघडलं, आणि नाव लिहिलं 'भाऊचे पाहुणे'. तांदूळ, तेल, साखर, डाळ त्या खात्यावर जात राहिली. तासिकांचं मानधन महिनोन्महिने थकून एकदाचं जमा झालं, तेव्हा भाऊंनी आधी ते खातं मिटवलं आणि मग स्वतःचं. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. दुकानदारानं मला सांगितलं, तेही मी माझी उधारी द्यायला गेलो म्हणून.

मटणाच्या वर्गणीची वही अजून माझ्याकडे आहे. भाऊंची रांग कोरीच आहे, आणि बाकी मी सोडलेली नाही.