कपाटाचे रंगप्रकरण

आमच्या चार दारांच्या सागवानी कपाटाला नवा रंग द्यावयाचा हे एकदा मंजूर झाल्यावर तो फवाऱ्याने द्यावा की रोलरने, या एका मुद्द्यावर मी जे वीस दिवस घालविले, तेवढ्यात एखाद्या संस्थानाच्या दत्तकविधानाचा तंटाही मिटला असता. माझा कौल फवाऱ्याच्या बाजूने होता, आणि त्याचे खरे कारण कबूल करण्याइतके वय आता झाले आहे: मला त्या दारात माझा चेहरा पाहावयाचा होता. एका परिचिताच्या दिवाणखान्यात फवाऱ्याने रंगविलेल्या कपाटासमोरून जाताना मी स्वतःला त्यात असा काही धीरगंभीर, असा काही ग्रंथकारासारखा दिसलो की, घरच्या आरशाने आजवर माझी निव्वळ बदनामीच केली, अशी माझी खात्री पटली.

ग्रंथकार हा शब्द मी पुराव्याशिवाय वापरीत नाही. तो पुरावा त्याच कपाटात, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांच्या रूपाने, मुद्देमालासारखा पडून आहे. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळास 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली भरले, तेव्हा मी माझ्या ललितसंग्रहाच्या पन्नास प्रती घेऊन मंडपात गेलो आणि एक्कावन्न घेऊन परत आलो. कारण पूर्वी ज्या स्नेह्याला एक प्रत सप्रेम भेट दिली होती, त्याने गर्दीत मला गाठून ती तितक्याच प्रेमाने परत केली. आतील ऐवज असा असल्यावर बाहेरचा भाग तरी झळाळता असावा, ही अपेक्षा काही अवाजवी म्हणता येणार नाही.

सागवानाला कोणी तैलरंग फासतो काय, असे विचारणाऱ्यांनी तो जाब माझ्या तीर्थरूपांना विचारावा. चॉकलेटी रंगाचा पहिला थर त्यांच्या हातचा आहे, आणि त्यावर पुढे तीन थर चढले.

तेव्हा मी अभ्यासास लागलो. फवाऱ्यासाठी रंग पातळ करावा लागतो, कंप्रेसरच्या हवेने त्याचे सूक्ष्म तुषार होतात, आणि ते दारावर असे समपातळीत बसतात की कुंचल्याचा केस नाही, रोलरचा माग नाही. मात्र त्या तुषारांपैकी बरेचसे दारापर्यंत न जाता भिंतीवर, आरामखुर्चीवर आणि दाराबाहेरच्या तुळशीवर परस्पर वस्ती करतात. शिवाय आमच्याकडच्या मे महिन्यात थिनर वाटेतच उडून जातो, आणि मुक्कामी पोचते ती केवळ रंगाची भुकटी, जीवरून हात फिरविला असता तळहाताला घासकागदाचा प्रत्यय येतो. रोलरचे म्हणावे, तर तो दारावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक पुरळ ठेवून जातो (नागपूर शेजारी असल्याने ही उपमा तरी आम्हांस आयात करावी लागत नाही) आणि चौकटीच्या खाचेत किंवा बिजागरीच्या आसपास शिरावयाचे म्हटले की सरळ रजेवर जातो. रोलर मूळचा टोरांटोचा. 1940 मध्ये नॉर्मन ब्रेकी नावाच्या गृहस्थाने तो घडविला. फवाऱ्याच्या बंदुकीचे घराणे मात्र वैद्यकी: अमेरिकेतील टोलेडो शहरच्या डॉ. ॲलन डीव्हिल्बिस यांनी रोग्याच्या घशात औषध नीट पोचावे म्हणून एक तुषारयंत्र केले, आणि पुढे त्यांच्या थॉमस नावाच्या मुलाने 1907 च्या सुमारास त्याच तत्त्वावर रंगाचे यंत्र उभे केले. ही माहिती मी घरात, शेजारी आणि दूधवाल्यास प्रत्येकी दोनदा सांगितली.

आणि कपाटाची गोष्ट निघालीच आहे, तर आमच्या आजोबांना वगळून पुढे जाणे मला शक्य नाही. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून जंगलाचा कायदा मोडला आणि कारावास पत्करला, ही इतिहासातील नोंद आहे. त्या वेळी बापूजींच्या मागे विळा घेऊन आमचे आजोबा उभे होते, ही मात्र केवळ आमच्या घरातील नोंद आहे. माझ्या लहानपणी ते जमावाच्या टोकाला असत. मी मॅट्रिक झालो तोवर ते तिसऱ्या रांगेत आले होते. आणि माझ्या लग्नाच्या बोलणीत माझ्या वडिलांनी त्यांना बापूजींच्या थेट उजव्या हाताशी आणून ठेवले. त्यांनी गवताची पेंढी कापली, असे काकू सांगत. भारा कापला, असे आत्या सांगत. आणि मी एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात भरात येऊन त्यांच्याकडून जवळजवळ गंजी कापून घेतली. परंतु याच आजोबांनी हे कपाट करविले, तेव्हा सागवान घेतले ते सरकारी लिलावातले, रीतसर पावती फाडून; आणि वाहतुकीचा परवाना असा काही जपला की, तो पिवळा कागद आजही कपाटाच्या खणात घडी न उलगडता पडलेला आहे. त्यांनी कायदा मोडल्याचा एकही दस्तऐवज घरात नाही. कायदा पाळल्याचा मात्र शिक्क्यानिशी आहे. इतकेच नव्हे, तर कपाटाच्या मागील फळीच्या टोकाला वनखात्याच्या हातोड्याची निशाणी अर्धी शिल्लक आहे, आणि लहानपणी आम्ही भावंडे तीवर बोट ठेवून खोटे न बोलण्याच्या शपथा घेत असू.

तर मुद्दा रंगाऱ्याचा. तो आला, दारांवर बोटे वाजवून पाहिली, जुन्या रंगाचे पोपडे नखाने उचलले, कोठे लांबी भरावी लागेल ते सांगितले आणि म्हणाला, "रोलरनं मारतो, गुरुजी. कोपऱ्याले बिरश."

मी शिक्षकी पेशातील संपूर्ण धीर एकवटून त्याला तुषारांचे शास्त्र समजावून दिले. डॉक्टर डीव्हिल्बिसांपर्यंत आलो, तेव्हा तो खाली बसला, आणि ते आदराने असावे असे मला वाटले.

"मशीन हाय माह्या भाच्याकडं," तो म्हणाला. "पन मी नाई चालवत."

"काऊन?"

"फवारनी सोडली मी."

आमच्या जिल्ह्यात या शब्दाचा अर्थ रंग असा होत नाही. 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यातील वीसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत पडले, आणि वर्तमानपत्रांत आठवडेच्या आठवडे आमच्या तालुक्यांची नावे छापून येत होती. मी ते सर्व वाचले होते. एक लेख लिहावा असेही मनात आले होते. शीर्षकही सुचले होते.

"त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती," तो घासकागदाची घडी घालीत सांगू लागला. "पंप पाठीवर, पऱ्हाटी तोंडापुढं. हवा फिरली का सारं आंगावर. चौथ्या दिवशी दिसेनासं झालं, समदं धुकं. आठ दिवस दवाखान्यात होतो. बाजूच्या खाटेवरचा एक जन रोज मले टाइम विचारे. एक दिवस नाई विचारला."

मग तो उठून दाराला लागला. घशाला औषध पोचविण्यासाठी जन्मलेल्या यंत्राची वंशावळ ज्या तोंडाने मी त्याला ऐकवली होती, ते तोंड कोठे ठेवावे हे मला सुचेना; आणि चहा करण्यास मी स्वतः आत गेलो, तेव्हा पत्नीने आजारी आहात काय म्हणून विचारले.

पाच दिवस काम चालले. घासणे, पुसणे, लांबी, पुन्हा घासणे, प्रायमर, मग रंगाचा पहिला हात, आणि एक दिवस मध्ये सोडून दुसरा. रोलर फिरवून झाला की ओल्या रंगावरून तो कोरडा कुंचला वरून खाली असा हलका ओढीत जाई, की संत्र्याची साल बरीचशी सोलली जाई. तरी उजव्या दारावर, खालच्या बाजूस, एक ओघळ राहिलाच. मी तो त्याला दाखविला नाही. माझ्या हातून जन्मात टळलेली ही पहिलीच टीका असावी.

दार आता फिक्कट हिरवे दिसते. त्यात खिडकीचा उजेड दिसतो, समोरून कोणी गेल्यास काहीतरी हालल्यासारखे भासते. ग्रंथकार दिसत नाही. पत्नीचे म्हणणे असे की, दार उघडल्यावर तो दिसतोच, गठ्ठ्यांनी.

हिशेब चुकता करताना मी कपाटाच्या मागे वाकून पाहिले. मागची फळी सगळी रंगविलेली होती, फक्त टोकाशी चार बोटे लाकूड उघडे ठेवलेले होते, आणि त्यात ती हातोड्याची अर्धी निशाणी.

"हे राहिलं की," मी म्हणालो.

"राहिलं नाई, ठेवलं," तो नोटा मोजीत म्हणाला. "सरकारी सही हाय ते, गुरुजी. तिच्यावर हात कायले फिरवू?"