जाड म्हणजे ठळक नव्हे

पलूसच्या कुठल्याही चौकात मान वर करा. फ्लेक्सला फ्लेक्स खेटलेले. प्रत्येकावर जाडजूड, गोलमटोल अक्षरं. सगळीच ओरडतात. ऐकू एकाचंही येत नाही.

दुकानातली मागणी ठरलेली. "भाऊ, नाव मोठं घ्या. अजून जाड करा." ऑपरेटर साध्या अक्षराला आउटलाइन चढवतो. आधी पांढरी, मग पिवळी, वर लाल. अक्षर फुगतं आणि 'भ'च्या, 'ध'च्या डोक्यावरची फट बुजते.

झालं. 'भावी' नेते 'मावी' झाले. धनाजीरावांचे घनाजीराव झाले.

पैसे मात्र पूर्ण मोजलेले.

मग जाड अक्षर वाईट का? मुळीच नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' पाहा. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी घडवलेला हा फॉन्ट २०१५ मध्ये गूगल फॉन्ट्सवर आला. नावासारखाच गुबगुबीत. अक्षराच्या पोटातली मोकळी जागा उरते जेमतेम रेघेएवढी. पण ती रेघ हाताने रेखाटून, जपून ठेवलेली. म्हणून 'ष' हा 'ष'च राहतो, त्याचा 'प' होत नाही.

जाडी कुणीही चढवेल. रेघ राखायला नजर लागते.

बरं, हा फॉन्ट महाग आहे का? फुकट आहे. छपाईला, धंद्यालाही परवाना खुला आहे. मग आउटलाइनचा हा सोस कशासाठी?

"गावाकडं कुणाला कळतंय अक्षरातलं?" असं म्हणणाऱ्यांनी शेजारी किर्लोस्करवाडीला जाऊन यावं. तिथून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर'. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. या माळावरची मासिकं महाराष्ट्रभर वाचली गेली.

नजर इथलीच होती. आपणच ती गहाण टाकली.

अक्षराची परीक्षा घ्यायचीय? शब्दही आपल्याच बागेत आहे. द्राक्षे. दोन अक्षरं, दोन्ही जोडाक्षरं. एकावर काना, दुसऱ्यावर मात्रा. पेटीवरचा हा शब्द दहा पावलांवरून वाचता आला, तर अक्षर ठळक. नाही आला, तर नुसतं सुजलेलं.

आणि सूज म्हणजे ताकद नव्हे, हे तालमीत जाणाऱ्या पोरालाही कळतं.

तेव्हा फ्लेक्स करणाऱ्यांनो आणि करून घेणाऱ्यांनो, जाड अक्षर दोन शब्दांपुरतंच ठेवा. शुभेच्छुकांची पंचवीस नावं साध्या अक्षरात बसवा. आउटलाइन काढून टाका. आणि छापायला देण्याआधी दहा पावलं मागं सरून स्वतःचं नाव एकदा वाचून बघा.

तुम्हालाच वाचता येत नसेल, तर रस्त्यावरचा माणूस का थांबेल?