पेन्शनपुरा ते प्लॉट: हिंगोलीतील निवृत्तांचे रुळणे

हिंगोलीत पेन्शनरांची वस्ती बिल्डरांनी आणली नाही, फौजेने आणली. निजामाच्या राज्यात, वऱ्हाडच्या सीमेवरचे हे गाव हैदराबाद कंटिंजंटची छावणी होते. १९०३ मध्ये कंटिंजंट ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. घोडे गेले, तोफा गेल्या. मोहल्ल्यांची नावे मात्र पलटण, रिसाला, तोफखाना अशीच राहिली. त्यांतच एक पेन्शनपुरा. पुण्यात ज्येष्ठांच्या गृहसंकुलांच्या जाहिराती झळकू लागल्या त्याच्या कितीतरी आधी हिंगोलीत ही सोय होती, फक्त माहितीपत्रक नव्हते.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून कर्मचारी आले आणि कर्मचाऱ्यांनी प्लॉट घेतले. सेनगाव-कळमनुरीकडच्या शाळांत आयुष्य काढलेले गुरुजी, तलाठी, एसटीचे वाहक हे सगळे अठ्ठावन्नाव्या वर्षी सत्काराची शाल आणि नारळ घेऊन या प्लॉटवरच्या घरात येतात. गावाकडची शेती बटईने दिलेली असते. कारण विचारले तर दवाखाना जवळ पडतो असे सांगतात. नातवाची शाळा जवळ पडते, हे खरे कारण सुनेकडून कळते.

नवख्याची पहिली परीक्षा तोंडी असते. ती सकाळी फिरायला निघाल्यावर, चालता चालता, ओळख नसलेल्या माणसाकडून घेतली जाते. प्रश्न ठरलेले: “कोण्या गावचे?”, “नोकरीला कुठं होते?”, “पोरं काय करायलेत?” पहिल्या उत्तरातच निकाल लागतो. शिरड शहापूर म्हणावे, तर समोरच्याच्या चुलत मेव्हण्याची सासुरवाडी तिथलीच निघते. सोयरीक सापडली नाही असे सहसा होत नाही. तशी वेळ आलीच, तर प्रश्नकर्ता दुसऱ्या दिवशी घरून विचारून येतो.

बायकांना एवढा खटाटोप करावा लागत नाही. नळाला पाणी येण्याच्या दिवशी गल्लीतल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि त्याच अर्ध्या तासात नव्या काकूंची माहिती चार घरांत पोचते. विरजणाची वाटी इकडून तिकडे गेली की बायकांचा विषय संपला. नवरा तेव्हा अजून पेपर किती वाजता येतो याच्या चौकशीत असतो.

पुरुषांची अडचण हुद्द्याची. सरकार माणसाला सेवानिवृत्त करते, सकाळी फिरून झाल्यावर सगळे टेकतात तो बाक करत नाही. मुख्याध्यापक बाकावरही टाचणी पडली तर ऐकू येईल अशा शांततेची अपेक्षा ठेवतात; तलाठी भाऊसाहेबांना प्रत्येकाचा सातबारा पाठ असतो, आणि त्यामुळे त्यांच्याशी कोणी वाद घालत नाही. सर्वांत हाल मंत्रालयातून आलेल्याचे. अवर सचिव म्हणजे काय, हे इथे कोणाला सांगून पटत नाही. शेवटी त्यांना नुसते ‘साहेब’ म्हणतात आणि अक्षर चांगले म्हणून भंडाऱ्याचे पावतीबुक हाती देतात. फायलीवर शेरे मारण्यापेक्षा हे काम कठीण आहे, कारण वर्गणीदार समोरच उभा असतो.

या भागात अधूनमधून जमीन हलते, हेही ओळखी वाढण्याचे एक साधन मानले पाहिजे. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, दोन्ही वेळी सकाळीच. चालत्या माणसाला असा धक्का सहज जाणवत नाही. परिणामी नियमाने फिरणारे गप्प बसले आणि अंथरुणात लोळणारे दिवसभर साक्षीदार म्हणून मिरवले. औंढा तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारा लायगोचा प्रकल्प होतो आहे. २०२३ मध्ये त्याला २६०० कोटींची मंजुरी मिळाली. प्रोटॉनहूनही कितीतरी सूक्ष्म थरथर तो टिपणार आहे. तोवर ते काम बाकावरच चालू राहील.

वयाचे गणितही इथे बदलते. पासष्टीपर्यंत माणूस वय लपवतो; मग एसटीत अर्धे तिकीट लागते म्हणून आधार कार्ड वरच्या खिशात ठेवतो. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली, तेव्हापासून औंढा नागनाथाच्या सोमवारच्या वाऱ्या वाढल्याचे बाकावरचे मत आहे. आषाढ वद्य एकादशीला नरसी नामदेवला परतवारी असते. त्या वारीत गुडघ्यांची तक्रार न करता जो चालून येतो, त्याचा शब्द पुढे वर्षभर चालतो. रामलीला मैदानावरच्या दसऱ्याला मात्र वजन वेगळ्याने ठरते: नातवंडाला पाळण्यात बसवायला पैसे कोण काढतो, यावर सगळ्यांचे लक्ष.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. कोषागाराकडून बँकेत यादी येते आणि आपल्या नावापुढे सही करून आपण जिवंत असल्याचे कळवायचे असते. रांगेतला प्रत्येक जण स्वतःची सही झाल्यावर खालीवर नजर फिरवून इतरांच्याही बघून घेतो. नवख्याच्या नावापुढची जागा रिकामी दिसली, की बँकेच्या आधी बाकाचा फोन येतो: “साहेब, सही राहिली की तुमची! उद्या सकाळीच या, गर्दी नसते. अन् येताना भंडाऱ्याच्या पावत्या घेऊन या.”