जपून ठेवलेला ट्रान्झिस्टर

आपल्याकडे वस्तू जपायची म्हणजे ती वापरायची नाही. आजोबांचा ट्रान्झिस्टर चामड्याच्या कव्हरात, कव्हर प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी माळ्यावर, सोबतीला डांबराच्या गोळ्या. धूळ नाही, झुरळ नाही, नातवंडांचा हात नाही. सेल मात्र आतच. चांगले नवे होते, काढून कशाला वाया घालवायचे?

पण सेल काही रजेवर जात नाही. स्वस्तातल्या जस्त-कार्बन सेलचं जस्ताचं डबडं हेच त्याचं कवच आणि तेच इंधन. गडी जगतो तोच स्वतःची भिंत खाऊन. अल्कलाइन महाग, म्हणून तो सभ्य असेल असं आपल्याला वाटतं. त्याच्या पोटात हायड्रोजन साठतो, सील सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर पाझरतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचे पांढरे खडे होतात. स्प्रिंग हिरवी, तार कुरतडलेली, बोटाला चुणचुण.

मग घरगुती तज्ज्ञ जमतात. एक म्हणतो सेल उन्हात ठेवा, दुसरा म्हणतो दाताने चावा (रिमोटवर हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध आहे). अल्कलाइनच्या त्या पांढऱ्या थरावर व्हिनेगरचा बोळा फिरवावा, हे कुणाला सुचत नाही. व्हिनेगर चायनीजसाठी राखीव असतं. बराच काळ वापर नसेल तर सेल काढून ठेवावेत, असं झाकणाच्या आत बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. ते वाचायला चष्मा हवा, अंधाऱ्या माळ्यावर चष्मा शोधायला बॅटरी हवी, आणि बॅटरीचं झाकण गेल्या पावसाळ्यापासून फिरत नाही.