‘यूस्टू’ची सवय

एखादी गोष्ट पूर्वी होती आणि आता उरलेली नाही, हे एका दमात सांगण्यासाठी इंग्रजीत ‘यूज्ड टू’ ही जोडगोळी आहे. लिहिताना दोन शब्द, बोलताना एकच : यूस्टू. ‘आय यूस्टू लिव्ह इन ठाणे’ म्हटलं की ठाणं, तिथलं राहणं आणि ते राहणं संपल्याची बातमी, तिन्ही एकाच फेरीत पोचतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाचं निम्मं आयुष्य याच प्रयोगात घडून गेलेलं असतं. त्यामुळे साध्या भूतकाळापेक्षा त्याला हाच जास्त लागतो.

मराठीत या कामासाठी स्वतंत्र यंत्र नाही. शालेय व्याकरणातला रीतिभूतकाळ जवळचा : ‘मी तालमीत जात असे’, ‘आजी ओव्या म्हणायची’, ‘आम्ही गच्चीवर झोपायचो’. पण हा सवयीचा मामला झाला. स्थिती सांगायची तर ‘होता’वरच भागवावं लागतं, आणि ‘होता’ मोठा आतल्या गाठीचा. ‘आमच्या दारात आंबा होता’ या वाक्यातला आंबा वादळात पडला, भावकीने तोडला की अजून कैऱ्या देतो आहे, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. म्हणून बोलणारा पुढे ‘पूर्वी’ जोडतो, ‘तेव्हा’ जोडतो, किंवा उसासा टाकून ‘आमच्या वेळी’ म्हणतो. ‘आमच्या वेळी’ हेच मराठीतलं खरं यूस्टू. फरक इतकाच की त्यात हल्लीचं सगळं बिघडलं आहे हा निकालही आधीच लागलेला असतो. इंग्रजी यूस्टू बिचारं निकाल देत नाही. नुसती नोंद करतं.

माणसांच्या बाबतीत ‘होता’ जास्तच जोखमीचा. ‘जोशीकाका बँकेत होते’ एवढं म्हणायची खोटी, ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो : ‘अरेरे! कधी?’ मग काका ठणठणीत आहेत, रोज चार फेऱ्या मारतात, फक्त बँकेतून निवृत्त झाले आहेत, असा खुलासा करावा लागतो. हा घोटाळा मराठीपुरता नाही. इंग्रजीतही ‘ही वॉज फ्रॉम नागपूर’ म्हटलं की माणूस गेला असंच वाटतं, कारण नागपूरचं असणं जिवंतपणी संपत नाही. भाषाशास्त्रात याला ‘लाइफटाइम इफेक्ट’ म्हणतात. रेनाटे मुसान यांनी 1995 साली एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात त्याची तपशीलवार चिकित्सा केली. अशा वेळी यूस्टू विम्यासारखं कामी येतं. ‘ही यूस्टू वर्क इन अ बँक’ : नोकरी गेली, काका शाबूत.

यूस्टूचा धाकटा भाऊ म्हणजे ‘वुड’. ‘एव्हरी मे वी वुड गो टू आजोळ’ हे वाक्य निर्दोष आहे, कारण जाणं ही पुन्हा पुन्हा घडणारी क्रिया. पण राहणं, असणं, आवडणं, मालकीचं असणं अशा स्थितींना वुड चालत नाही. ‘आय वुड लिव्ह इन दादर’ असं म्हणणाऱ्याला आपण पूर्वी दादरला राहत होतो असं सांगायचं असतं. ऐकणाऱ्या अमेरिकनाला मात्र दादरला राहायची इच्छा आहे, पण काहीतरी आडवं येतं आहे, असं ऐकू येतं. दादरचे भाव पाहता हा अर्थही चुकीचा नाही, पण व्याकरण भाव बघत नाही.

खरी गल्लत पुढे आहे. ‘आय यूस्टू ड्राइव्ह’ म्हणजे पूर्वी चालवायचो, आता नाही. ‘आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग’ म्हणजे चालवायची सवय झाली आहे. आणि ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू’ म्हणजे अजून लागते आहे, जरा सांभाळून घ्या. तिन्हींत ‘यूज’ एकच, ‘वापर’ आणि ‘वहिवाट’ एकाच घरात नांदवणारा. भारतात शिकलेला माणूस यात आपली चौथी भर घालतो : ‘आय यूज टू गेट अप ॲट फाइव्ह’, म्हणजे मी रोज पाचला उठतो. हे चूक असलं तरी निराधार नाही. सतराव्या शतकापर्यंत इंग्रजीत असा वर्तमानकाळ खरोखर होता. मग तो वापरातून गेला आणि भूतकाळ तेवढा मागे राहिला. आपल्या लोकांना थोडा उशीर झाला, इतकंच.

पण तेवढ्या उशिरानेही घोळ होतो. मुलाकडे न्यू जर्सीला आलेले आजोबा डॉक्टरला अभिमानाने सांगतात, ‘आय यूज टू टेक बीपी टॅब्लेट.’ यूज आणि यूज्ड यांतला ‘ड’ पुढच्या ‘ट’मध्ये विरघळत असल्याने दोन्ही कानाला सारखेच. डॉक्टरच्या समजुतीप्रमाणे गोळी बंद झाली. आजोबांनी ती अर्ध्या तासापूर्वी कॉफीबरोबर घेतलेली असते.

शरीराचं यूस्टू याहून चिवट. भारतात दिव्याचं बटण खाली दाबलं की दिवा लागतो, अमेरिकेत वर केलं की. नव्याने आलेली माणसं पहिले काही दिवस लागलेला दिवा मालवून अंधारात उभी राहतात. गाडीचं तर विचारू नये. भारतातल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, अमेरिकेत डाव्या. परिणामी टेक्ससच्या रखरखीत उन्हात एखादी गाडी वळताना वायपर फिरवू लागली, तर आतला चालक ‘गेटिंग यूज्ड टू’ अवस्थेत आहे असं समजावं. वीस वर्षांनी हाच माणूस पुण्यात भाड्याची गाडी घेतो आणि तिथे वायपर फिरवतो. तेव्हा तो ‘यूज्ड टू’ झालेला असतो.

प्रश्न आणि नकारात ‘डिड’ आला की तो भूतकाळ आपल्याकडे ओढतो, म्हणून ‘ड’ गळून ‘डिड यू यूज टू’, ‘आय डिडन्ट यूज टू’ असं लिहितात. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या मेरियम-वेब्स्टर कोशाचंही हेच मत. बोलताना फरक ऐकूच येत नसल्याने पकडले जातात ते फक्त लिहिणारे, आणि त्यांत जन्माने अमेरिकन असलेले कमी नसतात. ब्रिटिशांचं ‘यूसन्ट’ हे जुनं रूप आता ‘यूस्टू’च्याच यादीत जमा आहे.

आता नाजूक भाग. ‘आता नाही’ हे यूस्टूच्या अर्थात असतं की केवळ ऐकणारा ते गृहीत धरतो? तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1967 साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत उघड बोललेलं आणि गर्भित सुचवलेलं यांत भेद केला. जे सुचवलेलं असतं ते बोलणाऱ्याला मागे घेता येतं. यूस्टूचं ‘आता नाही’ असंच मागे घेता येतं, हे प्राध्यापकांपेक्षा ठसठशीतपणे दाखवलं ते मिनेसोटाचे विनोदवीर मिच हेडबर्ग यांनी. आपण पूर्वी नशा करायचो, असं सांगून ते थांबत, आणि मग म्हणत की अजूनही करतो, पण पूर्वीही करायचो. सभागृह हसे, व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात एकही चूक नसे.

नावांच्या बाबतीत यूस्टू सर्वांत जास्त राबतं. शिकागोतली 1973 साली पुरी झालेली 110 मजली इमारत 2009 पासून ‘विलिस टॉवर’ आहे, पण जुने शिकागोकर तिला ‘सीअर्स’च म्हणतात, सीएसएमटीला व्हीटी म्हणणाऱ्या मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. आनंदीबाई जोशी 1886 साली जिथून डॉक्टर झाल्या, ते फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज पुढे नावं बदलत ड्रेक्सेल विद्यापीठात सामावलं. त्याचा पत्ता विचारणाऱ्याला यूस्टूने सुरू होणारंच उत्तर मिळणार. ॲरिझोनातल्या वेधशाळेत 1930 साली सापडलेला प्लूटो 2006 मध्ये ग्रहपदावरून उतरला, आणि ‘प्लूटो यूस्टू बी अ प्लॅनेट’ हे वाक्य व्याकरणाच्या पुस्तकासाठी मुद्दाम घडवल्यासारखं तयार झालं. न्यू मेक्सिकोच्या विधानसभेला मात्र ते मान्य नव्हतं. प्लूटो राज्याच्या आकाशातून जात असताना तो ग्रहच समजावा, असा ठराव तिथे 2007 साली झाला. ॲरिझोनाने तर 2024 मध्ये त्याला राज्याचा अधिकृत ग्रह केलं. माजी आमदारालाही आपल्याकडे इतका लोभ लाभत नाही.

यूस्टूचा सरकारी अवतार अमेरिकन नागरिकत्वाच्या शपथेत भेटतो. हात वर करून नवा नागरिक सांगतो की आजवर आपण ज्या राजाचे वा राज्याचे प्रजाजन किंवा नागरिक होतो, त्याच्याशी निष्ठा आता सोडली. ‘आजवर’साठी तिथे ‘हिअरटूफोर’ असा भारदस्त शब्द आहे. म्हणजे सूट घातलेलं यूस्टूच. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे निळं पारपत्र परत करावं लागतं आणि ‘यूस्टू बी इंडियन’ हे वाक्य कायद्याने खरं होतं. मग ग्राइससाहेबांच्या नियमानुसार त्यातलं ‘आता नाही’ थोडं मागे घ्यायची सोय 2006 पासून ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाने झाली. आजन्म व्हिसा मिळतो. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. गावी गेल्यावर बांधावर उभं राहून ‘ही आमची होती’ म्हणायला मात्र कार्डही लागत नाही.

राहता राहिली प्रादेशिक रूपं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखात ‘आय यूस्टू कुड’ म्हणतात, म्हणजे पूर्वी जमायचं. गुडघेदुखीसाठी याहून नेमका प्रयोग इंग्रजीत सापडणं कठीण. पेनसिल्व्हेनिया, ओहायोपासून पश्चिमेकडे यूस्टूची दुसरी बाजू भेटते. इतरत्र ‘एनीमोर’ नकाराशिवाय येत नाही, पण तिथे तो ‘हल्ली’ या अर्थाने सरळ होकारात बसतो. पिट्सबर्गचा शेजारी ‘एनीमोर, इट रेन्स अ लॉट’ म्हणतो, आणि नवीन आलेला मराठी माणूस छत्री हातात धरून वाक्यातल्या ‘नॉट’ची वाट बघत उभा राहतो.