पाऊण किलोचे हवाईदल

फोमची लढाऊ विमाने स्वतः आखून, कापून, चिकटवून रेडिओने उडवणारा गृहस्थ म्हणजे फोमवाला. वय तिशी ते साठी. पोटापाण्याचा उद्योग कोणताही चालतो: तो बँकेत असतो, कारखान्यात असतो, दातांचा डॉक्टरही असतो. कॉलेजात एनसीसीच्या हवाई विभागात त्याने बाल्सा लाकडाचे विमान पहिल्यांदा हातात घेतलेले असते आणि पुढे हवाईदलाच्या निवडीत चष्मा आडवा आलेला असतो. त्यामुळे देशाचे जे नुकसान झाले, ते तो दर रविवारी सकाळी भरून काढतो.

बाह्य लक्षणांवरून हा प्राणी लगेच ओळखू येतो. तर्जनीवर ग्लू गनने भाजल्याची जुनी खूण असते. बोलता बोलता उजवा तळहात आडवा होतो आणि कपबशीवरून वळण घेऊन साखरेच्या डब्याशेजारी उतरतो. घरात नवा फ्रिज आला की बाकीचे फ्रिज बघतात. हा खोक्यातला थर्माकोल बघतो.

अंतर्गत लक्षण एकच, पण ते निर्णायक आहे. पैसा, वेळ आणि बायकोची सहनशक्ती तो मोकळ्या हाताने खर्च करतो; कंजुषी फक्त ग्रॅमची. स्वतःचे वजन दहा किलोंनी वाढले तरी त्याच्या लक्षात येत नाही. सर्व्होचा, म्हणजे विमानाच्या झडपा हलवणाऱ्या चिमुकल्या यंत्राचा, स्क्रू अर्ध्या ग्रॅमने हलका मिळाला, तर मात्र तो दोन मित्रांना फोन करून सांगतो.

विमानाची निवड हा कामाचा पहिला टप्पा. नवशिक्याला स्पिटफायर हवे असते. देखणेपणात त्याला तोड नाही, पण त्याचे लंबवर्तुळाकार पंख घडवताना मूळ कारखान्यांच्याही नाकी नऊ आले होते. जेवणाच्या टेबलावर कटर घेऊन बसलेल्याची काय कथा. नाशिककर फोमवाला मिग-21 घेतो, कारण ती विमाने ओझरला बनत आणि त्याचे कोणी ना कोणी तिथे नोकरीला असतेच. पुणेकर फोमवाला दोन-तीन विमाने मोडून पोक्त झाला की मारुतकडे वळतो.

एचएफ-24 मारुत हे भारतात आखलेले आणि बनलेले पहिले जेट लढाऊ विमान. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूला त्याचा आराखडा झाला आणि 17 जून 1961 रोजी ते पहिल्यांदा उडाले. उद्दिष्ट आवाजाच्या दुप्पट वेगाचे होते, पण तेवढ्या ताकदीचे इंजिन काही मिळाले नाही. दोन ऑर्फियस इंजिनांवर भागवावे लागले आणि मारुत आवाजाच्या वेगाच्या अलीकडेच राहिले. तरी 1971च्या युद्धात ते लढले. असे एक मारुत पुण्याच्या कमला नेहरू उद्यानात ठेवले आहे. मुले घसरगुंडीवर असतात, तेव्हा त्यांना घेऊन आलेला बाप या विमानाच्या पोटाखाली वाकून हवा आत घेणाऱ्या तोंडांचे फोटो काढत असतो. मुलगा सापडत नसल्याचे त्याला रखवालदाराकडून कळते.

आराखड्याला त्यानंतर सुरुवात होते. मारुतच्या पंखांचा विस्तार 9 मीटर. बारापट लहान केले की तो 75 सेंटीमीटर होतो आणि लांबी सव्वा मीटरच्या थोडी वर जाते. एवढे विमान रिक्षात तिरके बसते. अडचण वजनाची असते. लांबी बारापट घटली, तर पंखांचे क्षेत्रफळ 144 पट घटते आणि वजन 1,728 पट. मूळ विमान रिकामे असतानाच सहा टनांच्या वर होते. म्हणजे प्रमाणात केलेले मॉडेल साडेतीन किलोंचे भरेल आणि तेवढ्या पंखांवर ते हातातून सुटताच जमीन गाठेल. म्हणून फोमवाला पाऊण किलोची मर्यादा घालून घेतो. ती कागदावर, लाल शाईत, दोनदा अधोरेखित केलेली असते. शेपटीचे पंख तो गुपचूप दहा-पंधरा टक्के मोठे करतो, कारण मूळ आकाराच्या शेपटीने मॉडेल वेडेवाकडे नाचते. याविषयी कोणी छेडले, तर विषय बदलतो.

साहित्याची खरेदी हा स्वतंत्र अध्याय आहे. स्टेशनरीच्या दुकानात फोमबोर्ड मागितला की अनेकदा सनबोर्ड पुढे येतो. सनबोर्ड हा पीव्हीसीचा फोम. दुकानाच्या पाट्यांना उत्तम, विमानाला दगड. पाच मिलिमीटर जाडीच्या सनबोर्डचा चौरस मीटर दोन-अडीच किलो भरतो. सहा मिलिमीटर जाडीच्या डेप्रॉन या हलक्या फोमचा तेवढाच तुकडा दोन-अडीचशे ग्रॅममध्ये बसतो. फोमवाला दुकानातला प्रत्येक तक्ता तळहातावर तोलून पाहतो. दुकानदार पहिल्या वेळी कौतुकाने बघतो, तिसऱ्या वेळी आत निघून जातो.

बांधणी जेवणाच्या टेबलावर होते. त्या काळात कुटुंब ओट्याशी उभे राहून जेवते. कागदी नकाशा फोमवर टाचून कटरने तुकडे कापतात. पंखांत ताठपणासाठी कार्बनची नळी बसवतात. तारा ओवायची भोके पाडायला सर्वोत्तम हत्यार म्हणजे पेटती उदबत्ती: फोम अलगद वितळतो, भोक गोल पडते आणि शेजारच्यांना वाटते, घरात पूजा आहे. धूर मात्र तब्येतीला चांगला नसतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी लागते; खिडकी उघडी ठेवली की तुकडे उडतात.

चिकटवण्याच्या बाबतीत शास्त्र कडक आहे. नेहमीचा झटपट गोंद, म्हणजे सायनोॲक्रिलेट, डेप्रॉन आणि थर्माकोल यांना खातो. डब्यातला स्प्रे रंगही तेच करतो. हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेले आहे आणि प्रत्येक फोमवाल्याला ठाऊक आहे. तरीही रात्री साडेअकराला, ग्लू गनची कांडी संपलेली असताना, ‘एक थेंब लावून बघू’ हा विचार प्रत्येकाला सुचतो. थेंब पंखातून आरपार जाऊन टेबलाच्या सनमायक्यावर थांबतो.

रंग पाण्यात कालवायचा आणि एकच हात द्यायचा, हा नियम. दुसऱ्या हाताला वीस-पंचवीस ग्रॅम सहज चढतात. हवाईदलाचे तिरंगी वर्तुळ काढताना हिरवा मध्ये आणि केशरी बाहेर येतो. सजावटीचा मोह आणि वजनाची मर्यादा यांची शेवटची लढाई स्वयंपाकघरात होते.

‘अगं, वजनकाटा कुठाय?’

‘साबुदाणा मोजतेय.’

‘दोन मिनिटं दे. कॅनॉपी मोजायचीय.’

‘मागच्या वेळी त्याला हिरवा रंग लागला होता.’

कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचे झाकण, नऊ ग्रॅम भरते. हिशेबात सहा धरलेली असते. फोमवाला क्षणभर विचार करतो आणि आतला प्लॅस्टिकचा वैमानिक काढून टाकतो.

यंत्रसामग्री मोजकी असते. 2212 जातीची ब्रशलेस मोटर, म्हणजे आतला लोखंडी गाभा 22 मिलिमीटर व्यासाचा आणि 12 मिलिमीटर उंचीचा. तिच्यावर 2200 केव्ही लिहिलेले असते. पाहुण्यांना हे किलोव्होल्ट वाटतात आणि ते मुलांना लांब ओढतात. खरे तर दर व्होल्टला मिनिटाला 2,200 फेरे एवढाच त्याचा अर्थ. 11.1 व्होल्टच्या बॅटरीवर, पंखा न लावता, हे फेरे 24,000च्या वर जातात. पंखा नाकाला न लावता पंखांच्या मागे, फोममध्ये कापलेल्या खाचेत फिरतो, म्हणजे लांबून विमान जेटसारखे दिसते. सहा इंची पंख्याने ही मोटर किलोच्या आसपास जोर देते आणि विमान पाऊण किलोचे. मूळ मारुतला जन्मभर इंजिन कमी पडले. फोमच्या मारुतला ते पहिल्या दिवसापासून जास्त होते. टांक साहेबांचे राहून गेलेले काम आपण पुरे केले, असे फोमवाला म्हणत नाही. कोणी तसे म्हणावे म्हणून थांबतो.

बॅटरी लिथियम-पॉलिमरची. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल 4.2 व्होल्ट आणि ठेवून द्यायची असल्यास 3.8 व्होल्ट. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून ती वाळू भरलेल्या कुंडीत, गॅलरीत ठेवतात. त्या कुंडीत काही उगवत का नाही, हे सासूबाई अधूनमधून विचारतात.

उड्डाणापूर्वीची मुख्य परीक्षा गुरुत्वमध्याची. पंख मागे झुकलेले असल्याने तो सरासरी पंखरुंदीच्या पुढून साधारण एक चतुर्थांशावर काढावा लागतो. तिथे खाली दोन बोटे धरली की विमान आडवे राहिले पाहिजे, नाहीतर बॅटरी पुढे-मागे सरकवायची. नाकजड विमान वाईट उडते आणि शेपूटजड विमान एकदाच उडते, ही या वर्गातली जुनी म्हण. फोमवाला ती इतरांना सांगतो.

मैदान गावाबाहेरचे: प्लॉट पाडून झालेले, घरे अजून न झालेली. वेळ सकाळची, वारा उठण्याआधीची. झाड एकच असते, बाभळीचे, आणि ते पुरते. कायदाही पाळावा लागतो. 2021च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग केले. हिरव्या भागातही परवानगीशिवाय 400 फुटांच्या वर जायचे नाही. नकाशात लोहगावच्या विमानतळाभोवतीचे रंग फोमवाल्याला पाठ असतात. त्याला खरा राग येतो तो ‘ड्रोन’ या नावाचा. हे ड्रोन नाही, विमान आहे, असे तो चिडून सांगतो. कायद्याला मात्र दोन्ही सारखीच मानवरहित आहेत; फक्त हौसेखातर नजरेच्या टप्प्यात उडवायच्या यानांना त्यात ‘मॉडेल’ असा वेगळा कप्पा आहे.

या विमानाला चाके नसतात, म्हणून ते हाताने फेकावे लागते. फेकायला एक मित्र लागतो. खाचेतला पंखा बोटांच्या मागेच फिरत असल्याने तो मित्र जिवाभावाचा असावा लागतो. फेकण्याआधी रिमोटची स्टिक डावीकडे केली की विमान डावीकडे झुकणार ना, हे तपासायचे असते. सर्व्होची दिशा उलटी राहिली, तर विमान हुकूम मानते, पण विरुद्ध.

हवेत गेल्यावर ते पाच-सहा मिनिटे उडते. दूर जाताना सगळे सोपे असते. परत येताना विमानाची डावी बाजू फोमवाल्याच्या उजवीकडे येते. जो पंख खाली गेला त्याच्याकडे स्टिक ढकलायची, हा साधा उपाय. तो आठवेपर्यंत बाभूळ आलेली असते. त्यातून निभावले, तर फोमवाला वेगाचा हिशेब मांडतो: ताशी 60 किलोमीटर गुणिले 12, म्हणजे 720. या पद्धतीने ताशी 103 किलोमीटर गाठले की मारुतने अखेर आवाजाचा वेग ओलांडला. भौतिकशास्त्राला ही पद्धत मान्य नाही. वेग नेमका मोजायला जीपीएस बसवता येतो, पण त्याचे वजन होते.

प्रेक्षकांचे प्रश्न ठरलेले असतात: केवढ्याला पडले, किती लांब जाते, कॅमेरा आहे का. एक काका 1895 साली तळपद्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची गोष्ट सांगतात. तिला ठोस पुरावा नाही, हे फोमवाल्याला माहीत असते. तरी तो वाद घालत नाही, कारण विमान बाभळीत असते आणि लांब काठी काकांकडे असते.

आपटलेले विमान दुरुस्त करणे ही फोमची खरी सोय आहे. बाल्साचे विमान आपटले की काड्या उरतात; फोमचे नाक चुरगळते, ते उकळत्या पाण्याच्या वाफेवर थोडे फुगवून, ग्लू आणि टेप लावून अर्ध्या तासात पुन्हा उभे राहते. या कामात फोमवाला उडवतानापेक्षा जास्त खुशीत असतो. स्टिक धरलेले त्याचे अंगठे थरथरतात, कटर धरलेला हात कधीच नाही.

पण प्रत्येक दुरुस्तीला दहा-पंधरा ग्रॅम चढतात. मारुत आठशे होते, साडेआठशे होते, आणि नऊशेच्या पुढे गेल्यावर त्याला सन्मानाने निवृत्त करतात. मोटर, सर्व्हो, रिसीव्हर, बॅटरी काढून घेतात. सांगाडा माळ्यावर जातो. माळ्यावर अशी पाच-सहा विमाने असली, तरी मोटर घरात एकच असते. काढलेला प्रत्येक भाग पुन्हा वजनकाट्यावर ठेवून वहीत मांडला जातो आणि त्याखाली पुढच्या विमानाचे अंदाजपत्रक तयार होते. फोमवाल्याच्या कोणत्याही विमानाने आजवर अंदाजपत्रक पाळलेले नाही. नवे अंदाजपत्रक साडेसहाशे ग्रॅमचे असते.